थकण्यापूर्वीचा अर्ज

विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन काही महिने रखडणे ही विदर्भात आता बातमी राहिलेली नाही. कारंजा (घाडगे) येथे असा एखादा शिक्षक कर्ज काढून घर बांधतो आणि वेतन थांबताच, हप्ता चुकण्यापूर्वीच, सवलतीचा अर्ज घेऊन कर्ज देणाऱ्या संस्थेच्या शाखेत जातो. शाखाधिकारी बहुधा सज्जन असतो, परंतु निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती नसतो. अर्ज 'वर' पाठविला जातो आणि तेथेच विसावतो. होकार येत नाही, नकारही येत नाही. नकार लेखी मिळाला असता तर निदान त्याविरुद्ध दाद तरी मागता आली असती.

या कर्जदाराच्या अडचणीत त्याचा स्वतःचा वाटा किती, हेही पाहिले पाहिजे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. 15 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी 7 टक्क्यांनी घेतल्यास हप्ता सुमारे 11,630 रुपये बसतो. दर 9.5 टक्के झाला की तेवढ्याच रकमेवरील महिन्याचे व्याज 11,875 रुपये होते. म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही! पहिल्या वर्षभरात थोडे मुद्दल फिटले असले, तरी पुढे ते जागचे हलत नाही. 2025 मध्ये दर उतरले खरे. पण दरम्यान लांबलेली मुदत कोणी आपण होऊन आखडती घेत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की दर वाढल्यास हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड कर्जदाराला मिळावी. आदेश स्वागतार्ह होता, पण तो व्याजदराच्या चढउतारापुरता. उत्पन्नच आटले असता काय करावे, हे संस्थेच्या धोरणावर सोडलेले आहे. कोरोनाकाळात, 2020 मध्ये, हप्ते सहा महिने लांबणीवर टाकता आले; कारण तेव्हा संकट साऱ्या देशाचे होते. एकट्यादुकट्यावर आलेल्या संकटाला असा आदेश नसतो. पिके बुडाली तर पैसेवारी निघते आणि पीककर्जाच्या पुनर्गठनाचा विचार होतो. पगाराची पैसेवारी कोण काढणार?

खरी विसंगती याच्याही पुढे आहे. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते आणि 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस निघू शकते. त्या नोटिशीवर कर्जदाराने हरकत घेतली, तर ती अमान्य करण्याची कारणे 15 दिवसांत कळविण्याचे बंधन धनकोवर आहे. सकारण उत्तराचा हक्क कायद्याने दिला आहे, तो असा, कर्ज थकल्यानंतर! जो वेळीच, प्रामाणिकपणे दार ठोठावतो, त्याला तो हक्क नाही. शिवाय मिळालेल्या कारणांविरुद्ध तेवढ्यावरच न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. ताब्याची कारवाई होईपर्यंत थांबावे लागते. (शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. राहते घर मात्र आत आहे.)

1875 च्या दंग्यांनंतर पुणे, नगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांसाठी 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. सावकाराने पावती द्यावी, हिशेब दाखवावा आणि न्यायालयाने व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासावा, असे परकीय सरकारलाही वाटले. बँकांच्या बाबतीत मात्र, व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, अशी दुरुस्ती स्वतंत्र भारताच्या संसदेने 1983 मध्ये केली. ठेवीदारांच्या पैशाचे रक्षण आवश्यकच आहे. परंतु अर्जाला उत्तर दिल्याने कोणाची ठेव बुडत नाही.

मागणी म्हणूनच कर्जमाफीची नाही. हप्ता थकण्यापूर्वी आलेल्या अर्जाची पोच द्यावी, 30 दिवसांत सकारण निर्णय लेखी कळवावा आणि तोवर वसुलीचा तगादा थांबवावा, एवढे बंधन रिझर्व्ह बँकेने घालावे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. एक परिपत्रक पुरेल.