अर्धे तिकीट, पूर्ण बर्थ

21 एप्रिल 2016 पासून रेल्वेने आरक्षित डब्यांतल्या मुलांचा नियम बदलला. पाच वर्षांखालचे मूल पूर्वीसारखेच फुकट. पण पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर भाडे पूर्ण. अर्धेच भरायचे तर त्याने आईच्या नाहीतर बापाच्या बर्थवर अंग चोरून झोपायचे. 'जागा पूर्ण अडवली, मग पैसे अर्धे का?' असे या नियमाचे समर्थक विचारतात. सवाल बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही.

जागेवरूनच भाडे ठरायचे असेल तर मोठ्यांकडूनही पूर्ण खर्च वसूल व्हायला हवा. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच तिकिटातून निघतात, हे खुद्द रेल्वेनेच तिकिटांवर छापले होते. म्हणजे पूर्ण तिकीट काढणारा धडधाकट माणूसही सवलतीतच झोपतो. मग काटेकोर हिशेब फक्त मुलांपुरताच का?

प्रतीक्षायादीतल्या एखाद्याचा बर्थ मुलाला जातो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण अकरा वर्षांच्या मुलालाही रात्रभर पाठ टेकायला जागा लागतेच. सुटीत मुंबईहून नागपूरला निघालेल्या चौघांच्या घराला दोन मोठी आणि दोन अर्धी मिळून तीन भाडी पुरत. आता चार लागतात. खर्च एक तृतीयांशाने वाढला, कमावते हात तेवढेच राहिले. मुलाला स्वतःची कमाई नसते, त्याचे भाडे घराच्याच खिशातून जाते. म्हणून अर्धे तिकीट ही खैरात नव्हे.

आपल्या एसटीला हे कळते. पाच ते बारा वयाला अर्धे तिकीट, आणि आसन पूर्ण. 17 मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धे तिकीट झाले, म्हणून कोणी त्यांना अर्ध्या बाकड्यावर बसवले नाही. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर खेड्यातल्या मुली शाळेला जातात. त्या पासाअभावी कितीजणींची शाळा सुटली असती!

दिल्ली मेट्रो तर वयही पाहत नाही, उंची मोजते. 90 सेंटिमीटर ओलांडले की पूर्ण तिकीट, आणि एवढी उंची बहुतेक मुले तिसऱ्या वाढदिवसाआधीच गाठतात. चांगल्या पोसलेल्या, उंच मुलाच्या आईबापांना हा दंडच झाला.

मेट्रोने मोजपट्टी सोडून वय धरावे. रेल्वेने पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्ध्या भाड्यात बर्थ परत द्यावा. गैरवापराची भीती असेल तर एका मोठ्या प्रवाशामागे दोन मुलांची मर्यादा घालावी.