भिवंडीकरांनो, तक्रार चौकात नेण्याआधी



वीजबिल अचानक दुप्पट आलं, दुकानदाराने बिघडलेला फ्रिज बदलून द्यायला नकार दिला, बिल्डरने ताबा दोन वर्षं लांबवला, की हल्ली आपला हात आधी मोबाइलकडे जातो. काउंटरवरच्या माणसासमोर कॅमेरा धरला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वंजारपट्टी नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत घरोघरी पोचतो. हे अजिबात करू नका, असं मी म्हणणार नाही. आवाज चढवल्याशिवाय हलत नाहीत अशी टेबलं या शहरात आहेत. पण जाहीर आवाजाला काही बंधनं असावीत आणि ती आपण स्वतःच पाळावीत, यासाठी हे आवाहन.

ग्राहकाच्या जाहीर आवाजाची परंपरा मराठी मुलखात जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणं परवडत नसलेल्या माणसाला तेव्हा एकजुटीचाच आधार होता. ग्राहक संरक्षण कायदा आला तो डिसेंबर १९८६ मध्ये. म्हणजे आज आपल्या हातात असलेले अर्ज, मंच आणि आयोग हे आधीच्या पिढीने जाहीर बोलून मिळवलेले आहेत. ते न वापरता थेट गल्लीत ओरडणं हा त्या कष्टांचा अपमान वाटतो मला.

आपल्या शहरातला सगळ्यात मोठा ग्राहक-वाद विजेचा. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर इथे वीजवितरण करते. देशात अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयोग होता आणि मीटर, थकबाकी, छापे यांवरून त्याबद्दलचा वाद आजवर थांबलेला नाही. त्याचा निवाडा इथे करायचा नाही. मात्र या वादात भिवंडीने एक गोष्ट सोसली आहे. ‘वीजचोरांचं गाव’ असा शिक्का सगळ्या शहरावर बसला. गौरीपाड्यात मुदतीच्या आत बिल भरणारं कुटुंबही त्यात ओढलं गेलं. सरसकट आरोपाने माणसाच्या मनाला काय होतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असेल?

आणि तरी आपण तेच करतो. रीडिंग घ्यायला आलेल्या मुलाला ‘चोर’ म्हणून त्याच्या चेहऱ्याचा व्हिडिओ फिरवतो. हा मुलगा बहुधा कंत्राटावर असतो, आपल्याच कुठल्यातरी मोहल्ल्यातला असतो. विजेचा दर तो ठरवत नाही, तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. गोदामांच्या पट्ट्यातून पार्सल घेऊन निघणाऱ्या पोरांचंही तसंच. खोक्यात काय भरलं गेलं हे त्यांना माहीत नसतं, पण ग्राहकाच्या कॅमेऱ्यात तेच सापडतात. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याचंच नाव घ्या. खालच्या माणसाचा चेहरा दाखवू नका.

दराबद्दल बोलायचं असेल तर जाहीर आवाजाची खरी जागा आहेच. दर ठरवण्यापूर्वी आयोग लोकांच्या हरकती मागवतो, सुनावण्या घेतो. तिथे भिवंडीने वाट्टेल तितक्या मोठ्या आवाजात बोलावं. स्वतःच्या बिलाची तक्रार मात्र आधी लेखी द्या. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. कलम ५६ तर तोंडपाठ करण्यासारखं आहे. वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद चालू असताना मागणी केलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली तर वीज तोडता येत नाही. अनधिकृत वापराची आकारणी कलम १२६ खाली झाली असेल तर मंचाकडे जाऊन उपयोग नाही. अंतिम आदेशानंतर तीस दिवसांत अपील करावं लागतं आणि त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. व्हिडिओ किती जणांनी पाहिला हे मोजण्यात ते तीस दिवस निघून जाऊ देऊ नका.

बाकी खरेदीच्या तक्रारींसाठी ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

लेखी तक्रार आणि जाहीर आरोप यांत बदनामीचा कायदाही फरक करतो. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही. लोकांत केलेल्या आरोपाला मात्र तो खरा असणं आणि लोकहिताचा असणं, दोन्ही लागतं. म्हणून जाहीर बोलाल तेव्हा पूर्ण बोला. आपण दोन हप्ते चुकवले असतील तर तेही सांगा. समोरच्याचं उत्तर आलं असेल तर तेही वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र मी विनंती म्हणून नव्हे, आग्रहाने सांगतो. दुकानदाराचा धर्म, जात, प्रांत, मोहल्ला तक्रारीत आणायचा नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यानंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांचे लोक एका ठिकाणी बसू लागले, लहानसहान कुरबुरी रस्त्यावर येण्याआधी तिथे बोलल्या जाऊ लागल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तक्रारीला आधी ऐकून घेणारी जागा असली की काय साधतं, ते या शहराने करून दाखवलं आहे. त्या शहरात ‘अमक्या लोकांच्या दुकानात जाऊ नका’ असा निरोप एका मिक्सरच्या भांडणावरून फिरावा, हे सहन होण्यासारखं नाही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. तुम्ही लोकांना हाक दिलीत, लोक तुमच्यामागे उभे राहिले, आणि कंपनीने तुम्हाला एकट्याला बोलावून पैसे परत दिले. तुम्ही व्हिडिओ काढून टाकलात. तुमचं काम झालं, पण त्याच मॉडेलचा, त्याच चुकीच्या आकारणीचा फटका बसलेली शांतीनगरची विधवा बाई तिथेच राहिली. तिला बोलता येत नाही, तिच्या ओळखीचा नगरसेवक नाही. तुम्हाला मिळालेल्या पैशांत तिच्या पाठिंब्याचा वाटा होता. म्हणून लोकांत नेलेली तक्रार गुपचूप मिटवू नका. काय ठरलं, कोणत्या नियमाखाली ठरलं, तोच नियम इतरांना लागू होणार की नाही, हे जिथे ओरडलात तिथेच सांगा. समोरच्याने चूक सुधारली असेल तर तेही तितक्याच मोठ्याने सांगा. आणि ‘पैसे द्या, नाहीतर बदनाम करतो’ असं म्हणणारा स्वतःला पत्रकार म्हणवत असो की कार्यकर्ता, तो खंडणी मागतो आहे. त्याला आपल्यात उभं करू नका.

वीजबिलाच्या वादावरून यंत्रमाग बंद ठेवण्याची हाक देतानाही थोडं थांबा. मागावरच्या कामगाराला विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी मिळते. माग थांबला की मालकाच्या बिलाच्या भांडणात त्याच्या घरची चूल थांबते. त्याला विचारल्याशिवाय, त्याची काही सोय केल्याशिवाय बंद पुकारू नये.

ज्यांना लिहिता येतं त्यांच्याकडे एक मागणं आहे. आपल्या शहरात मराठीइतकीच उर्दू आणि हिंदी बोलली जाते, पद्मानगरात तेलुगू. अनेकांची तक्रार खरी असते, अर्ज मात्र लिहिता येत नाही, म्हणून ती माणसं ओरडतात. शिक्षक, निवृत्त कारकून, कॉलेजची मुलं यांनी आठवड्यातला एक तास काढून आपल्या गल्लीत अर्ज लिहून द्यावेत. बिल, पावती, वॉरंटी कार्ड यांच्या प्रती जोडाव्यात, तारीख घालावी, आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का-सही जरूर घ्यावी.

आपला,
एक भिवंडीकर ग्राहक