एकाच पुंजीवर तीन खर्च

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिरसाळ्यात बर्फ पडत नाही. तरीही बर्फावर गाडी कशी वागते, हा विषय तेथील व्यापारी कुटुंबांना आता परका राहिलेला नाही. नाताळच्या सुट्टीत मुलाबाळांसह मनाली गाठणे ही नवलाई उरली नाही. कुणाचा मुलगा कॅनडात नोकरी करतो, तर कुणाची लेक जर्मनीत नांदते. शिवाय ज्या नियमाने गाडी बर्फावर घसरते, त्याच नियमाने ती जुलै महिन्यात सिरसाळ्याच्या शिवारातील काळ्या चिखलावरही घसरते. म्हणून हा नियम घरातील प्रत्येक चालकाने समजून घेणे हिताचे आहे.

गाडीचा जमिनीशी संबंध चार टायरांपुरताच असतो, आणि प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो. वेग वाढवणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांच्या पकडीतूनच होतात. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर पुंजी एक आणि खर्च तीन. सारी पुंजी ब्रेकवर खर्ची पडली, तर वळण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. वळणातच ती संपली, तर ब्रेक लावायला काही उरत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही पुंजी इतकी मोठी असते, की खर्चाचा हिशेब कुणी ठेवत नाही. बर्फावर मात्र तीच पुंजी पाव हिश्श्यावर येते, आणि येथे उधारी कुणी देत नाही.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक लावल्यास साधारण २० मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर त्यासाठी सुमारे ३५ मीटर लागतात, दाबून बसलेल्या बर्फावर सुमारे ७० मीटर, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर १४० मीटरच्या आसपास. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १७ मीटर मिळवावे लागतात. दिलाशाची बाब एवढीच, की वेग निम्मा केला तर थांबण्याचे अंतर निम्मे न होता चौथाईवर येते. त्याच बर्फावर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी १८ मीटरच्या आसपास थांबते. वेग कमी करण्याइतका मोठा नफा दुसऱ्या कोणत्याही उपायात नाही.

म्हणून बर्फावरील चालकाचा पहिला धर्म म्हणजे एका वेळी एकच खर्च. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवावा. वळणात फक्त स्टेअरिंग हळुवार फिरवावे. गाडी पुन्हा सरळ झाल्यावरच वेग वाढवावा. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या बळावर गाडी रोखावी. निघताना चाके जागीच फिरू लागली, तर पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरवर अलगद सुटावे.

इतके करूनही गाडी घसरलीच, तर ती कोणत्या टोकाने घसरते हे ओळखावे. स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळच जात राहिली, तर पुढची चाके घसरली असे समजावे. अशा वेळी स्टेअरिंग आणखी वळवणे व्यर्थ. एक्सलेटरवरून पाय काढून स्टेअरिंग किंचित सैल करावे, म्हणजे चाकांना पकड पुन्हा सापडते. गाडीचा मागचा भाग बाजूला सरकू लागला, तर तो ज्या बाजूला सरकतो आहे त्याच बाजूला स्टेअरिंग अलगद वळवावे. दोन्ही प्रसंगी घाबरून ब्रेकवर उभे राहणे हाच सर्वांत महाग सौदा ठरतो.

याविषयी दोन गैरसमज रूढ आहेत. पहिला असा, की चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी बर्फावर निर्धोक असते. अशी गाडी निघते लवकर आणि चढते सहज. पण ब्रेक सर्वच गाड्यांच्या चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्यात तिला काही अधिक मिळत नाही. दुसरा गैरसमज एबीएसबद्दलचा. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणे आणि स्टेअरिंग चालते ठेवणे हे तिचे काम. भुसभुशीत बर्फात किंवा चिखलात तिच्यामुळे थांबण्याचे अंतर कधी कधी वाढतेही. ही यंत्रणा पुंजी वाढवत नाही. आहे ती उधळू देत नाही, इतकेच.

पुंजी वाढवतो तो टायर. आपल्याकडील साध्या टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. मनालीच्या बाजूला बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या बांधतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून पर्यटकांची वाट सोपी झाली. पण बोगद्यातील कोरड्या रस्त्यावरची गाडी पलीकडच्या तोंडाशी एकदम बर्फावर येऊ शकते. बोगद्यातील वेग बाहेर नेऊ नये. अशा दिवशी तेथील सराईत चालकाच्या हाती गाडी सोपवण्यात कमीपणा नाही.

आता सिरसाळ्याकडे वळू. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग खाचांचा टायरही गुळगुळीत टायरासारखाच घसरतो. पहिल्या पावसात डांबरावरील धूळ आणि तेल एकत्र होऊन रस्ता निसरडा होतो. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या शेतातील ओला चिखल चाकांबरोबर डांबरावर आणून टाकतात. सर्वांत फसवी जागा साइडपट्टीची. समोरच्या ट्रकला वाट देताना डावी चाके ओल्या मातीत उतरतात आणि उजवी डांबरावर राहतात. तेथे जोराचा ब्रेक दाबला, तर डांबरावरची चाके थांबू पाहतात, मातीतली घसरतात आणि गाडी जागीच फिरू शकते. अशा वेळी स्टेअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा आणि मगच हलकेच वर यावे. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरखाली गेली, तर तो टायर कायद्यानेही बाद ठरतो. पावसाळ्यापूर्वी ती तपासावी.

व्यापारी कुटुंबांत अनेकदा गाडी चालवतो एक आणि तिचा वेग ठरवतो दुसराच. लग्नाचा मुहूर्त, बाजाराची वेळ किंवा चातुर्मासातील दर्शनाची घाई मागच्या आसनावरून “जरा लवकर चल” असा आदेश देते, आणि पगारी चालक किंवा घरातील धाकटा मुलगा तो मोडू शकत नाही. रस्त्याची पकड ज्याच्या हाताला जाणवते, वेगाचा निर्णय त्याच्याकडेच असावा. गाडी सुरू होण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी “उशीर झाला तरी चालेल” एवढे आपण होऊन सांगितले, तर त्या चार तळहातांवरचा मोठा भार हलका होतो.