खुल्या आज्ञावलीची अपुरी यादी

२०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतरीत्या धाराशिव झाले. पाट्या आणि शिक्के शासकीय आदेशाने बदलतात; परंतु ‘धाराशिव’मधील ‘श’ संगणकाच्या पडद्यावर मराठी वळणाने उमटणे केवळ आदेशावर अवलंबून नसते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे ‘श’ आणि ‘ल’ यांची वळणे निश्चित केली. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम फॉन्टचे, आणि फॉन्ट हीसुद्धा एक घडवावी लागणारी वस्तू आहे.

लिनक्सवर उपलब्ध असलेला ‘लोहित मराठी’ हा मुक्तस्रोत फॉन्ट त्याचे उत्तम उदाहरण. त्याचा मूळ आराखडा सर्वांना खुला आहे; पण त्यापासून वापरण्याजोगी फाइल तयार करण्यासाठी ‘फॉन्टफोर्ज’ हे साधन लागते. डेबियन, फेडोरा आदी प्रणालींसाठी अशी पॅकेजे तयार करणाऱ्यांना बांधणीपूर्वीच्या सर्व गरजांची यादी द्यावी लागते. डेबियनमध्ये ती ‘बिल्ड-डिपेन्ड्स’ या नोंदीत असते.

अडचण अशी, की मूळ लेखकाच्या संगणकावर ही साधने आधीपासूनच असतात. त्यामुळे यादीतील उणीव त्याला जाणवत नाही. कोऱ्या प्रणालीवर मात्र बांधणी अडते. कधी कधी तर ती अडतही नाही. एखादा ऐच्छिक घटक सापडला नाही, तर त्यावरील सुविधा निमूटपणे वगळली जाते आणि अपुरे पॅकेज वापरकर्त्यापर्यंत पोहोचते. हा दुसरा प्रकार अधिक घातक होय.

गरजा बदलतातही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथॉनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या संग्रहाच्या ३.४ आवृत्तीपासून बांधणीसाठी रस्ट भाषेचा कंपायलर आवश्यक झाला आणि जगभर अनेक ठिकाणच्या स्वयंचलित बांधण्या एकाएकी थांबल्या. त्या संग्रहामागे मोठा समुदाय असल्याने तोडगे लवकर निघाले. मराठीच्या साधनांमागे मोजकीच माणसे असतात. त्यातील एकाने काम सोडले आणि नोंद मागे राहिली नाही, तर आराखडा खुला असूनही फॉन्टमधील एक अक्षर दुरुस्त करणे कठीण होते.

उपाय खर्चिक नाही. कोणते साधन, किमान कोणत्या आवृत्तीचे, कशासाठी हवे. काय अनिवार्य, काय ऐच्छिक आणि ऐच्छिक घटक नसल्यास काय गमवावे लागेल, एवढे लिहून ठेवावे आणि प्रत्येक नव्या आवृत्तीपूर्वी ती यादी कोऱ्या प्रणालीवर पडताळून पाहावी. धाराशिव किंवा तुळजापूर येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हे काम सहज करता येण्याजोगे आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही. मुक्तस्रोत आज्ञावली बदलण्याचा अधिकार परवान्याने मिळतो. तो बजावता येईल की नाही, हे मात्र या साध्या यादीवर ठरते.