विसरून मोडलेला उपवास

गेल्या महिन्यांत वडिलांच्या तिथीस आमच्या हातून चूक घडली. पहाटे संवयीनें चहाचा पेला तोंडास लावला आणि अर्धा संपल्यावर दिवस आठवला. धाकटी सून काळजीनें म्हणाली, "मामंजी, मोडलाच आहे उपास, तर आतां थोडें खाऊन घ्या." तेव्हां आम्हांस यहुदी धर्मशास्त्रांत वाचलेला एक निर्णय आठवला.

यहुदी लोकांत आईबापांच्या मृत्युतिथीस उपोषण करण्याची जुनी चाल आहे. तिथि त्यांच्या पंचांगाची. आदल्या सायंकाळीं दिवा लावतात, उपोषण मात्र पहाटेपासून रात्र पडेपर्यंत. शब्बाथ किंवा सण त्या दिवशीं आल्यास उपोषण नाहीं. एकदां दरवर्षीं करण्याच्या बुद्धीनें आरंभ केला, कीं तो नवसासारखा बांधतो; म्हणून सावध माणसें "हा नवस नव्हे" असें आधींच बोलून ठेवतात.

विसरून खाल्लें तर काय? योसेफ कारो यांचा 'शुल्हान आरुख', म्हणजे 'मांडलेलें पान', हा ग्रंथ १५६५ सालीं व्हेनिस येथें छापला गेला. त्यांत म्हटलें आहे कीं, अमुकच दिवशीं उपोषण करीन असें ज्यानें ठरविलें व विसरून खाल्लें, त्यानें उरलेला दिवस तसाच राहून उपोषण पुरें करावें. मात्र "एक दिवस उपास करीन" असा मोघम नवस असून, आरंभानंतर ऑलिव्हच्या फळाएवढें अन्न विसरून पोटांत गेलें, तर तो उपवास वायां गेला. दुसरा दिवस धरावा.

प्रथमदर्शनीं हें उलटें वाटतें. नेमलेल्या दिवसास सवलत आणि मोघमास दंड! पण आम्हांस यांतील संगति अशी दिसते: मोघम नवस हें एका अखंड उपवासाचें ऋण आहे, तें कोणत्याही दिवशीं फेडतां येतें. नेमलेल्या तिथीचें तसें नाहीं. आई गेली तो दिवस उद्यां येणार नाहीं, म्हणून त्याचा जेवढा भाग हातीं उरला तेवढा तरी राखावयाचा. पहिला घास विस्मरणाचा. दुसरा जाणूनबुजून घेतलेला. आमच्या वर्गांत एक अक्षर चुकलें कीं सगळी पाटी पुसून टाकणारीं मुलें असत, त्यांची येथें आठवण झाली.

सुनेस एवढें सांगितलें. तिनें उरलेला चहा ओतून टाकला, आणि आम्ही श्राद्ध होईपर्यंत तसेच राहिलों.