कारागृहाचे स्वयंपाकघर आणि श्रद्धेचा हक्क

शिक्षा झालेल्या माणसाचे हिंडण्या-फिरण्याचे स्वातंत्र्य राज्यसंस्था काढून घेऊ शकते, पण त्याची श्रद्धा काढून घेण्याचा अधिकार तिला नाही, हे तत्त्व भारतासह बहुतेक लोकशाही देशांत निदान कागदोपत्री मान्य आहे. वाद पेटतो तो कारागृहाच्या स्वयंपाकघरात, कारण शेकडो माणसांची आमटी जेथे एकाच पातेल्यात शिजते, तेथे एकाला चव आणणारा कांदा-लसूण दुसऱ्याला निषिद्ध असतो आणि तिसऱ्याला तर त्या वेळी अन्नच चालत नसते. फराळाच्या दिवसांत वाचकाच्या हाती पडणाऱ्या अंकाने असा विषय पुढे आणावा हे काहींना रुचणार नाही, परंतु सणाला काय खावे आणि व्रताला काय टाळावे हे स्वतः ठरवता येणे ही किती मोठी मुभा आहे, याची जाणीव व्हायला यापेक्षा योग्य दिवस सापडणार नाहीत.

भारतातील तुरुंगांचा आधुनिक इतिहास मुळात या जेवणाच्या तंट्यापासूनच उलगडतो. कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळात बंगाल इलाख्यातील कैद्यांना रोजचा भत्ता मिळत असे आणि त्यातून शिधा आणून ते आपापली चूल मांडत. मेकॉले ज्या समितीचा सदस्य होता, त्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८ मध्ये कठोर शिस्तीचा आग्रह धरला आणि पुढील दशकात सामायिक जेवणाची, म्हणजे सर्वांसाठी एकत्र स्वयंपाक करण्याची, पद्धत लागू होऊ लागताच ठिकठिकाणी दंगे झाले. १८५५ मध्ये बिहारमधील आरा आणि मुझफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून त्यांच्या हाती मातीची भांडी देण्यात आली. पितळेचा लोटा हाणामारीत शस्त्र म्हणून वापरता येतो हे सरकारचे कारण खोटे नव्हते, पण शौचाला नेलेला धातूचा लोटा घासून-मांजून शुद्ध होतो आणि मातीचे भांडे एकदा विटाळले की कायमचे विटाळते, हा हिशेब सरकारी टेबलावर कोणी केलाच नव्हता. मुझफ्फरपूरला गावकरी आणि आसपासचे शेतकरीही कैद्यांच्या बाजूने उभे राहिले आणि सरकारला लोटे परत करावे लागले.

या अनुभवातून सरकारने धडा घेतला, तोही भलताच. प्रत्येक कैद्याला त्याची श्रद्धा काय सांगते हे विचारण्याऐवजी, कोणत्या जातीच्या माणसाने काय शिजवावे, कोणी झाडावे आणि कोणी मैला उचलावा हे नियमपुस्तिकांत लिहून टाकण्यात आले, आणि ‘योग्य’ जातीचा स्वयंपाकी व ठरावीक जातींचे सफाईवाले ही व्यवस्था वसाहतकाळ संपल्यावरही अनेक राज्यांच्या नियमावल्यांत टिकून राहिली. धर्माचा आदर या नावाखाली येथे व्यक्तीच्या सदसद्विवेकाला संरक्षण मिळाले नाही. संरक्षण मिळाले ते जातीच्या उतरंडीला, आणि भारतीय कारागृहातील धार्मिक हक्काच्या चर्चेत आजही जो गोंधळ दिसतो, त्याचे मूळ या अदलाबदलीत आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातच सापडतो. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते आणि तेथे त्यांनी भंगीकाम, म्हणजे मैलासफाईचे काम, आपल्याला द्यावे अशी मागणी केली. जन्माने ब्राह्मण असलेल्या कैद्याला हे काम देता येत नाही, असे म्हणून ती नाकारली गेली. अप्पासाहेबांच्या लेखी हे काम अस्पृश्यतेच्या पापाचे परिमार्जन होते, म्हणजेच शब्दाच्या पूर्ण अर्थाने धर्माचरण होते. परंतु त्यांचा धर्म कोणता हे तुरुंगाने त्यांच्या जन्मावरून आधीच ठरवून टाकले होते. त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरल्यावर येरवड्यात असलेल्या गांधींनी डिसेंबरच्या आरंभी सहानुभूतीचे उपोषण सुरू केले आणि सरकारकडून आश्वासन आल्यावर ते थोड्याच अवधीत सोडले. धार्मिक भावना जपण्यासाठी लिहिलेला नियमच एका माणसाच्या धार्मिक आचरणाच्या आड यावा, यातली विसंगती त्या वेळच्या अधिकाऱ्यांना जाणवली असेल असे वाटत नाही. उलट बाजूचे उदाहरण अंदमानचे आहे. तेथे पंडित रामरक्षा या पंजाबी राजबंद्याने जानवे काढून घेतल्याच्या निषेधार्थ अन्न वर्ज्य केले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. एकाला जातीने नेमून दिलेली पायरी सोडायची होती, दुसऱ्याला आपल्या श्रद्धेची खूण अंगावर ठेवायची होती. दोन्ही मागण्या एकेका माणसाच्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणी तुरुंगाकडे ऐकून घेण्याची रीतच नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर दिलेल्या निकालाने या अदलाबदलीचा अर्धा भाग निकालात काढला. जातीवरून कामे वाटणारे नियम समता, अस्पृश्यताबंदी आणि वेठबिगारीविरोधी संरक्षण यांच्याशी विसंगत ठरवून न्यायालयाने ते रद्द केले, कारागृहाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि राज्यांना नियमावल्या सुधारण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. हा निकाल ऐतिहासिक आहे यात शंका नाही. मात्र जातीच्या नावाने मिळणारी सवलत गेल्यावर श्रद्धेच्या नावाने मागितलेली सोय कोणत्या कसोटीवर तपासायची, हा उरलेला अर्धा भाग अजून लिहायचा आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने दिलेले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन असले, तरी ते कारागृहाच्या दाराशी संपत नाही, हे १९७८ च्या सुनील बत्रा प्रकरणापासून कैद्यांच्या मूलभूत हक्कांविषयी न्यायालयाने जे सांगितले त्यावरून स्पष्ट होते. त्याही आधी, प्रभाकर संझगिरी या स्थानबद्धाने मुंबईच्या कारागृहात अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले आणि सरकारने त्याचे हस्तलिखित बाहेर पाठवण्यास नकार दिला, तेव्हा नियमात मनाई नसताना निव्वळ नियमाच्या मौनावरून बंदी घालता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. ते पुस्तक धर्माचे नव्हते, पण तत्त्व येथेही लागू पडते. अडसर आहे तो ‘अत्यावश्यक धार्मिक आचरण’ या कसोटीचा, म्हणजे एखादी प्रथा त्या धर्माचा गाभा आहे की नाही हे न्यायालयाने ठरवण्याच्या पद्धतीचा. ही कसोटी १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून रुजली. मठ आणि देवस्थानांच्या व्यवस्थापनाचे वाद सोडवताना ती उपयोगी पडली असेल, परंतु एकादशीला अन्न न घेणाऱ्या वारकरी कैद्यापुढे हा उपवास हिंदू धर्माचा गाभा आहे काय असा प्रश्न टाकणे निरर्थक आहे. तो मनापासून पाळतो काय, एवढेच विचारायला हवे.

प्रत्यक्षात अशा मागण्यांचा निवाडा बहुधा तत्त्वाने होतच नाही, तो डब्याने होतो. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील कलम ३१ ने दिवाणी कैद्यांना आणि न्यायाधीन बंद्यांना, म्हणजे खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांना, तपासणीच्या अटीवर बाहेरून अन्न घेण्याची मुभा दिली आणि तेव्हापासून ज्याचे घर जवळ, वकील हुशार आणि खिसा गरम, त्याचा धर्म घरच्या डब्यातून सुखरूप आत जातो. २०२२ अखेर देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते, तेव्हा कागदावर ही सवलत मोठी दिसते, परंतु मुंबईत पकडलेल्या आणि घर बिहारात असलेल्या मजुराला रोज डबा आणून देणार कोण? याच विषमतेमुळे आहाराची प्रत्येक मागणी चैनीची वाटू लागते. २०२२ मध्ये तिहारमधील एका राजकीय नेत्याने जैन व्रतासाठी फळे आणि सुकामेवा मागितला, तेव्हा दिल्लीच्या न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. विशेष वागणुकीविषयीचा संशय समजण्यासारखा आहे, पण नेत्याच्या अर्जाने तयार झालेला मापदंड नंतर पदपथावरच्या माणसाच्याही गळ्यात पडतो.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये याकुब्स्की विरुद्ध पोलंड या खटल्यात हा गुंता पुष्कळ सोपा केला. बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या या बौद्ध कैद्याने मांसरहित जेवण मागितले होते, आणि कारागृहाने त्याच्यापुढे डुकराचे मांस वगळलेला आहार ठेवला होता, जणू एका धर्माची सोय दुसऱ्यालाही पुरावी. स्वयंपाकघरावर ताण पडेल हे सरकारचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही, कारण त्याला विशिष्ट विधीने शिजवलेले अन्न किंवा महाग जिन्नस नको होते, फक्त मांस नको होते. गुन्हा कितीही घृणास्पद असला तरी त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही, हेही त्या निकालात गृहीत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये होल्ट विरुद्ध हॉब्स या प्रकरणात आर्कान्सामधील मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी राखण्याची परवानगी एकमताने दिली; दाढीत निषिद्ध वस्तू लपेल असे सांगणारे प्रशासन डोक्यावरचे केस मात्र चालवून घेत होते आणि त्वचारोग असलेल्यांना पाव इंच दाढीची सूटही देत होते. तेथे २००० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार श्रद्धेवर मोठा भार टाकणारे निर्बंध आवश्यक आहेत आणि त्याहून सौम्य उपाय नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर असते. भारतात असे ओझे शासनावर टाकणारा कायदा नाही, आणि कारागृह हा राज्यसूचीतील विषय असल्याने तो करण्यासाठी महाराष्ट्राला दिल्लीकडे पाहत बसण्याचेही कारण नाही.

शिवाय कित्येक सोयींना पैसाही लागत नाही. कारागृहात संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी वाटून बराकी बंद केल्या जातात, त्यामुळे सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन बंद्याचा चौविहार आपोआप पाळला जातो, पण रोजा धरणाऱ्याला तेच अन्न गार होऊन इफ्तारीपर्यंत जवळ ठेवावे लागते. रमजानात अनेक कारागृहे वेळेत फेरफार करतात हे खरे आहे. तथापि जे अधीक्षकाच्या समजूतदारपणावर चालते ते अधीक्षक बदलला की थांबू शकते. नियम सुधारताना राज्याने दाखल होताना बंद्याला त्याच्या आहाराविषयी विचारण्याची, मागणी नाकारल्यास सात दिवसांत लेखी कारण देण्याची आणि त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागण्याची तरतूद केली, तर गळ्यातल्या तुळशीच्या माळेचा दोरा गळफासाला उपयोगी पडेल म्हणून ती काढून घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही, त्याच बंद्याच्या पायजम्याला नाडी कशी चालते, याचे उत्तर कागदावर द्यावे लागेल.