मेंदूतील दारे आणि उतारवयातील नवे पाठ

सेनगावच्या परिसरात हळदीला पाणी देणाऱ्यास ‘दारे धरणे’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. वाफ्याचे दार उघडावे, वाफा भरला की ते बुजवावे आणि पाणी पुढे न्यावे. मेंदूचा कारभारही बराचसा असाच चालतो. पेशीच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात व त्यांतून सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण ये-जा करतात. या दारांना ‘आयनमार्ग’ म्हणतात.

विचार करणाऱ्या चेतापेशींच्या सोबतीला मेंदूत ‘ग्लिया’ नावाच्या सहायक पेशी असतात. रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये त्यांना निव्वळ सांधणारा ‘गोंद’ मानले. प्रत्यक्षात त्यांपैकी काही पेशी चेतातंतूंभोवती मायलिनचे स्निग्ध वेष्टन गुंडाळतात आणि त्यामुळे संदेश वेगाने धावतो. अशी पेशी अपक्व असते, तेव्हा तिच्यावर सोडियम व पोटॅशियम या दोहोंची दारे असतात. शेजारच्या चेतापेशीची हालचाल तिला या दारांवाटे कळते. वेष्टन घालण्याइतकी ती पक्व झाली की सोडियमची बहुतेक दारे नाहीशी होतात.

या अपक्व पेशी बालपणाबरोबर संपत नाहीत. प्रौढ मेंदूतही सुमारे पाच टक्के पेशी याच जातीच्या असतात. लंडनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांना विषम अंतरावर दांड्या असलेल्या चाकावर धावण्यास शिकवले. ज्या उंदरांत नव्या वेष्टनपेशी तयार होऊ दिल्या नाहीत, त्यांना ते कौशल्य नीट साधले नाही. वयाबरोबर या पेशी पक्व होण्याची गती मंदावते, हे खरे. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही आणि हा विस्मरणाच्या आजारावरील उपचारही नव्हे. तरीही ‘आता या वयात कशाला?’ असे म्हणण्यास आधार उरत नाही. आजीला नवा अभंग पाठ करावासा वाटला, आजोबांना नातवाकडून मोबाइल शिकावासा वाटला, तर रोज थोडा वेळ द्यावा. चुकल्यास हसू नये, घाई करू नये.

मात्र पाटातले पाणीच बिघडले, तर दारे काय करणार? रक्तातील सोडियम फार घटले की मेंदूतील पेशींत पाणी शिरून त्या फुगतात. कालपर्यंत नीट बोलणारी वृद्ध व्यक्ती अचानक गोंधळते, पेंगते, तिचा तोल जातो. उलट्या-जुलाब किंवा लघवी वाढवणारी औषधे ही त्याची काही कारणे. यास म्हातारपणाचा चळ समजून वाट पाहू नये. अचानक आलेल्या गोंधळामागे इतरही गंभीर कारणे असू शकतात. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात नेऊन रक्ताची तपासणी करून घ्यावी व चालू औषधे सोबत न्यावीत. वैद्यांना विचारल्याविना मीठ वाढवू नये, तोडू नये. औषधही बंद करू नये.

विसरणे हळूहळू वाढते, गोंधळ अचानक येतो. हा फरक सर्वांत आधी घरच्या माणसालाच दिसतो.